आजीच्या गोळ्या आणि निळी बाटली

विज्ञान दिनाच्या निमित्ताने सास्तूरच्या एका शाळेत जाण्याचा योग आला. सास्तूर म्हणजे धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यातले गाव. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपाने किल्लारीबरोबर ज्या गावांची नावे साऱ्या देशाला ठाऊक झाली, त्यांपैकी हे एक. माझे भाषण नेहमीसारखे झाले. खरी गंमत नंतर, प्रश्नांच्या वेळी आली.

नववीतली एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "सर, परवा शाळेत आम्हाला जंताची गोळी दिली. सरांसमोर चावून खायची, एकच. माझ्या आज्जीला आव पडली तेव्हा डॉक्टरांनी दिवसातून तीनदा, सात दिवस गोळ्या दिल्या. दोन्ही पोटातल्या किड्यांच्याच गोळ्या ना? मग एकीला एक आणि दुसरीला एकवीस का?"

वर्गशिक्षकांनी मागून पुस्ती जोडली. आजींनी एकवीस गोळ्या घेतल्याच नव्हत्या. तिसऱ्या दिवशी पोट बरे वाटू लागले आणि त्याच दिवशी लघवी तांबूस-काळी झाली. गोळी 'उष्ण पडली', असे ठरवून त्यांनी ती बंद केली. उरलेले पाकीट फडताळात गेले. महिन्याभराने चार वर्षांच्या नातवाला जुलाब सुरू झाले, तेव्हा त्यातलीच अर्धी अर्धी गोळी त्याला देण्यात आली. जुलाब थांबले नाहीत. दुसऱ्या दिवशी मूल मलूल झाले, डोळे खोल गेले आणि सलाईन लावावे लागले. आजींना तर सहा आठवड्यांनी पुन्हा आव पडली.

ही गोष्ट कोणत्याही गावात घडू शकते. माझ्या स्वतःच्या घरातही फडताळात असे अर्धवट पाकीट सापडले आहे. पण त्या मुलीच्या प्रश्नात रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि थोडे गणितही दडलेले आहे. तिला त्या दिवशी दिलेले उत्तर अपुरे होते. ते येथे जरा सविस्तर मांडतो.

आजींच्या गोळीचे नाव होते मेट्रोनिडाझोल. टिनिडाझोल, ऑर्निडाझोल, सेक्निडाझोल ही तिचीच भावंडे. आपल्या देशात क्वचितच एखादे घर असेल, की ज्यात यांपैकी एखादी गोळी कधी आलेली नाही.

एकच औषध, इतके आजार

१९५३ च्या सुमारास जपानमध्ये मातीतील सूक्ष्मजीवांपासून ॲझोमायसिन नावाचे एक प्रतिजैविक मिळाले. त्यापासून धागा पकडून फ्रान्समधील रोन-पूलांक या कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी त्याच्यासारखी अनेक संयुगे बनवली. त्यांतले मेट्रोनिडाझोल हे ट्रायकोमोनास या आदिजीवाविरुद्ध चांगले ठरले. हा आदिजीव स्त्रियांच्या योनिमार्गात दाह निर्माण करतो. १९६० च्या आसपास औषध बाजारात आले ते फक्त या एका विकारासाठी.

पुढे १९६२ मध्ये ब्रिटनमधील शिन नावाच्या दंतवैद्याने एक नोंद प्रसिद्ध केली. योनिदाहासाठी हे औषध घेणाऱ्या एका रुग्णाच्या हिरड्यांचे जुने व्रणही त्याबरोबर बरे झाले होते. हिरड्यांचा तो रोग आदिजीवांचा नव्हे, जिवाणूंचा. आदिजीव आणि जिवाणू यांच्यात जीवशास्त्रीय अंतर केवढे! वर्गात आपण त्यांना दोन वेगळ्या सृष्टींत बसवतो. मग एकाच औषधाने दोघेही कसे मेले? १९६६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील दरबान येथून बातमी आली की अमिबाजन्य आमांश आणि यकृतातील अमिबाचा गळू या दोहोंवरही हेच औषध चालते. नंतर जिआर्डिया, पोटात फुटलेल्या आंत्रपुच्छानंतरचा पू, दातांच्या मुळातला गळू, धनुर्वात अशी यादी वाढतच गेली. जागतिक आरोग्य संघटनेने १९७७ मध्ये अत्यावश्यक औषधांची पहिली यादी केली, तीत हे नाव होते.

या यादीतील सगळ्या रोगजंतूंमध्ये समान काय, असा प्रश्न दहावीच्या वर्गाला जरूर विचारावा. आकार नाही, कुळ नाही, केंद्रक असणे-नसणेही नाही. समान आहे ती राहण्याची जागा. मोठ्या आतड्याचा अंतर्भाग, हिरडीची खोल खाच, गळूचा मध्य, मेलेल्या मांसाची जखम. या सर्व ठिकाणी ऑक्सिजन जवळजवळ नसतो. तेथे राहणारे जीव विनॉक्सी पद्धतीने जगतात आणि हे औषध नेमके त्यांच्या जगण्याच्या त्या पद्धतीलाच पकडते.

सास्तूर परिसरात हे समजावून सांगणे विशेष सोपे जाते. येथील जुन्या घरांच्या भिंती दगड-मातीच्या, दोन-दोन, तीन-तीन फूट रुंदीच्या होत्या. १९९३ मध्ये त्याच कोसळल्या. अशा भाराखाली तासन्‌तास दबलेल्या पायात रक्त पोचत नाही, स्नायू मरतात, जखमेत माती जाते. मातीत धनुर्वाताचे आणि वायुकोथाचे जिवाणू बीजाणूंच्या रूपात वर्षानुवर्षे पडून असतात. मोकळ्या हवेत ते वाढत नाहीत. ऑक्सिजन नसलेले मृत मांस मिळाले की मात्र ते उगवतात. म्हणूनच भूकंपाच्या जखमेत शल्यचिकित्सक आधी मेलेला भाग कापून जखम उघडी करतात, आणि मग प्रतिजैविकांकडे वळतात. आमच्या या आजींचाही पाय तेव्हा भिंतीखाली सापडला होता आणि त्यांना सोलापूरला नेले होते. तेथे कोणती औषधे दिली, हे त्यांना आठवण्याचे कारण नाही. पण पायाच्या अशा जखमेसाठी आणि पोटातल्या आवेसाठी डॉक्टरांच्या हाताशी एकच औषध असावे, ही गोष्ट वरवर चमत्कारिक वाटली तरी आतून सुसंगत आहे.

कुलूपबंद औषध

मेट्रोनिडाझोलचा रेणू लहान आहे. पाच अणूंचे एक कडे आणि त्याला जोडलेला नायट्रो गट, म्हणजे एक नायट्रोजन व दोन ऑक्सिजन. लहान असल्यामुळे तो कोणत्याही पेशीत सहज शिरतो: अमिबात, जिवाणूत आणि आपल्या पेशीतही. पण या रूपात तो जवळजवळ निरुपद्रवी असतो. त्याला विषारी व्हायचे असेल तर नायट्रो गटाला कोणीतरी इलेक्ट्रॉन द्यावा लागतो. म्हणजेच त्याचे क्षपण व्हावे लागते.

हा इलेक्ट्रॉन देणे सोपे नाही. पाणी उंचावरून खाली वाहते, तसा इलेक्ट्रॉनही 'देण्याची ताकद' जास्त असलेल्या रेणूकडून कमी ताकदीच्या रेणूकडे जातो. आपल्या पेशींतील इलेक्ट्रॉनवाहक या हिशेबात सखल भागात आहेत. ते मेट्रोनिडाझोलपर्यंत इलेक्ट्रॉन चढवू शकत नाहीत. विनॉक्सी जीवांकडे मात्र फेरेडॉक्सिनसारखी लोह व गंधक असलेली प्रथिने असतात. ऑक्सिजनशिवाय ऊर्जा मिळवायची म्हणून त्यांनी ही उंचावरची टाकी बांधलेली असते. मेट्रोनिडाझोल आत येते, फेरेडॉक्सिनकडून इलेक्ट्रॉन घेते आणि त्यातून अत्यंत क्रियाशील तुकडे तयार होतात. हे तुकडे त्या जीवाच्या डीएनएची साखळी तोडतात. म्हणजे औषधाला कुलूप आहे, आणि किल्ली शत्रूच्याच खिशात आहे.

ऑक्सिजन असला तर? ऑक्सिजन हा इलेक्ट्रॉनचा मोठा भुकेला. औषधाला चुकून इलेक्ट्रॉन मिळालाच, तर ऑक्सिजन तो तत्काळ हिसकावून घेतो आणि औषध पुन्हा मूळ निरुपद्रवी रूपात येते. ऑक्सिजनवर जगणाऱ्या जिवाणूंवर हे औषध चालत नाही, त्याचे कारण हेच.

हे वर्गात दाखवता येते. 'निळी बाटली' हा जुना प्रयोग पुष्कळ शिक्षकांना माहीत असेल. सुमारे २५० मिलिलिटरच्या चंबूत १०० मिलिलिटर पाणी घ्या. त्यात साधारण अडीच ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड विरघळू द्या आणि द्रावण थंड होऊ द्या. मग तीन ग्रॅम ग्लुकोज घाला. सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्टीवर रंग देण्यासाठी शाळेत मिथिलीन ब्लू असते, त्याच्या विरल द्रावणाचे चार-पाच थेंब टाका आणि रबरी बूच घट्ट बसवा. बाटली निळी दिसेल. ती स्वस्थ ठेवली की काही मिनिटांत रंग जातो. ग्लुकोजने मिथिलीन ब्लूला इलेक्ट्रॉन दिलेले असतात. आता जोराने हलवा. वरच्या हवेतला ऑक्सिजन पाण्यात मिसळतो, इलेक्ट्रॉन काढून घेतो आणि निळा रंग परत येतो. ठेवा, रंग गेला, हलवा, आला. (सोडियम हायड्रॉक्साइड दाहक आहे. ते शिक्षकांनीच हाताळावे, डोळ्यांना चष्मा लावावा, आणि हलवताना बुचावर अंगठा दाबून धरावा.)

निळी बाटली म्हणजे ऑक्सिजनवर जगणारी पेशी: औषध पुन्हा पुन्हा मूळ रूपात. रंग गेलेली स्वस्थ बाटली म्हणजे मोठ्या आतड्यातला अमिबा. उपमा येथपर्यंतच ताणावी. मिथिलीन ब्लू डीएनए तोडण्याचे हे काम करत नाही, आणि बाटलीत जीवही नाही.

एक आणि एकवीस

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. देशात २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो, १० फेब्रुवारीच्या सुमारास. एक ते एकोणीस वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोलची चारशे मिलिग्रॅमची गोळी, आणि दोन वर्षांखालील बाळांना अर्धी. हे औषध आतड्यातून रक्तात फार थोडे जाते. बहुतेक आतड्यातच राहते आणि गोलकृमी तेथेच राहतात. ते जंतांच्या पेशींतली सूक्ष्मनलिकांची बांधणी मोडते, जंताला ग्लुकोज घेता येत नाही आणि तो उपाशी मरतो. शत्रू दारात उभा, औषधही दारातच. एका गोळीने काम भागते, आणि शरीरात फारसे न शिरल्याने तपासणी न करता सरसकट देणेही सुरक्षित ठरते. तरीसुद्धा त्या दिवशी ताप किंवा अन्य आजार असलेल्या मुलाला गोळी देत नाहीत, आणि लहान मुलाने ती चावून, गरज पडल्यास चुरून घ्यावी. अख्खी गोळी घशात अडकण्याचा धोका औषधापेक्षा मोठा आहे.

मेट्रोनिडाझोलचे वागणे अगदी उलटे. ते आतड्यातून जवळजवळ पूर्णपणे रक्तात जाते. तेथून यकृत, मेंदू, हाडे, गळूचा पू अशा सर्वत्र पोचते. अमिबा आतड्याच्या भिंतीत शिरलेला असतो, कधी यकृतातही. तेथे रक्तामार्गेच पोचावे लागते. पण रक्तातले औषध यकृत मोडत असते. साधारण आठ तासांत ते निम्मे होते. म्हणून पुन्हा पुन्हा गोळी.

हे गणित फळ्यावर मांडून पाहा. डॉक्टरांनी दर आठ तासांनी ४०० मिलिग्रॅम सांगितले आहे असे समजू. पहिल्या गोळीनंतर शरीरात ४००. आठ तासांनी उरले २००. दुसरी गोळी घेतली, ६००. पुन्हा आठ तासांनी ३००, अधिक ४००, झाले ७००. मग ७५०, ७७५... हा आकडा ८०० कडे सरकत जातो, पण ओलांडत नाही. म्हणजे नियमित गोळ्या घेणाऱ्याच्या शरीरात औषध ४०० ते ८०० च्या दरम्यान वरखाली होत राहते. आता एक गोळी चुकली तर? ४०० चे २०० होतात. पुढच्या वेळी एकच घेतली तर ६००, आणि लवकरच गाडी रुळावर. 'चुकली म्हणून दोन' घेतल्या तर २०० अधिक ८०० म्हणजे १०००, नेहमीच्या शिखराच्याही वर. मळमळ आणि उलटी होते ती बहुधा अशाच वेळी. चुकलेली गोळी लवकर आठवली तर घ्यावी; पुढच्या गोळीची वेळ आली असेल तर ती सोडून द्यावी. दोन एकत्र घेऊ नयेत.

'दिवसातून तीनदा' याचा अर्थही येथेच लागतो. सकाळी नऊ, दुपारी एक आणि संध्याकाळी सात हे तीनदा खरे, पण मग रात्री चौदा तासांची पोकळी राहते. सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा ही वेळ शेतावर जाणाऱ्या घरालाही जमते. गोळी जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर घेतली की मळमळ कमी होते. तोंडाला तांब्याच्या भांड्यासारखी चव येते, ती औषध थांबल्यावर जाते.

लहान मुलांच्या पातळ औषधाची गोष्ट निराळी. मूळ औषध कडूजहर असते. म्हणून त्याचे बेंझोएट नावाचे संयुग वापरतात. ते पाण्यात फारसे विरघळत नाही, त्यामुळे जिभेला कळत नाही. पण विरघळत नाही म्हणूनच ते बाटलीच्या तळाशी बसते! न हलवता दिले तर पहिल्या दिवशी मुलाला नुसते गोड पाणी मिळते आणि शेवटच्या दिवशी सगळा साका. प्रत्येक वेळी बाटली हलवावी, बाटलीबरोबरच्या मापानेच द्यावे (स्वयंपाकघरातले चमचे घरोघरी निराळे असतात), आणि हे पातळ औषध बहुधा जेवणाआधी तासभर देण्यास सांगितलेले असते. किती द्यायचे ते मुलाच्या वजनावरून ठरते. अर्धी गोळी म्हणजे अर्धे माणूस, असा हिशेब नसतो.

लाल लघवी, आणि खरी भीती कशाची

आजी घाबरल्या ते समजण्यासारखे आहे. यकृत औषध मोडते तेव्हा काही रंगीत पदार्थ तयार होतात आणि लघवीवाटे जातात. लघवी तांबूस किंवा गडद तपकिरी होते. हे निरुपद्रवी आहे. मूत्रपिंडाचे रक्त नव्हे. चिठ्ठी लिहिताना हे एक वाक्य सांगितले असते, तर आजींच्या गोळ्या पूर्ण झाल्या असत्या. शंका असेल तर डोळ्यांकडे पाहावे. लघवी गडद पिवळी आणि डोळेही पिवळे असतील, तर ती कावीळ; तेव्हा डॉक्टरांकडेच जावे.

ज्या लक्षणांना खरोखर घाबरावे ती वेगळी. हातापायांना मुंग्या किंवा बधिरता, चालताना तोल जाणे, झटके, अंगभर पुरळ, ओठ-चेहरा सुजणे. यांपैकी काही झाले तर गोळी थांबवून लगेच दवाखाना गाठावा. मुंग्यांचा त्रास बहुधा आठवडेच्या आठवडे औषध घेणाऱ्यांत होतो, आणि पुन्हा पुन्हा स्वतःच्या मनाने घेणारे नकळत त्याच वाटेवर असतात. हृदयाची झडप बदललेले रुग्ण रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफेरिन किंवा ॲसिनोकुमारॉल घेतात. मेट्रोनिडाझोलमुळे त्या गोळीचा प्रभाव वाढतो आणि रक्तस्राव होऊ शकतो. मनोविकारासाठी लिथियम घेणाऱ्यांनी, यकृताचा आजार असलेल्यांनी, आणि गर्भवती मातांनी, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, डॉक्टरांना तसे आधी सांगायलाच हवे.

दारूबद्दल थोडे. या औषधावर दारू घेतली तर चेहरा लाल होणे, धडधड, उलट्या, असे होते अशा नोंदी जुन्या आहेत आणि तशी सूचना पाकिटावर असते. २००२ मध्ये फिनलंडमधील संशोधकांनी बारा निरोगी पुरुषांवर हे तपासले, तेव्हा तसे काही घडले नाही. मग सूचना खोटी का? बारा निरोगी तरुण म्हणजे आजारी माणसांचे जग नव्हे. अमिबाने सुजलेल्या यकृतावर दारू ओतण्याला माझा तरी कौल नाही. शिंदी असो की देशी, औषध चालू असेपर्यंत आणि संपल्यावर मेट्रोनिडाझोलसाठी दोन ते तीन दिवस, टिनिडाझोलसाठी तीन दिवस ती वर्ज्य. हे दिवस कोठून आले? मुलांना काढू द्या. आठ तासांनी निम्मे, तर ४८ तासांत सहा वेळा निम्मे. ८०० चे उरले साडेबारा. टिनिडाझोल निम्मे व्हायला बारा तासांहून थोडे अधिक लागतात. ७२ तासांत तेही जवळजवळ सहा वेळा निम्मे.

नातवाला गोळी का लागू पडली नाही

लहान मुलांचे बरेचसे जुलाब विषाणूंचे असतात. विषाणूंकडे फेरेडॉक्सिन नाही, किल्ली नाही. जुलाबात रक्त पडत असेल तर मुलांत बहुतेक वेळा कारण असते शिगेला नावाचा जिवाणू. तो ऑक्सिजन असताना आणि नसतानाही जगतो, आणि या औषधाला दाद देत नाही. म्हणजे ती अर्धी गोळी दोन्ही शक्यतांत निरुपयोगी. मुलाला हवी होती जलसंजीवनी. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी साखर-मीठ-पाण्याच्या बळावर पटकीचे हजारो रुग्ण वाचवले, तीच. तिच्या जोडीला झिंकची गोळी, आणि रक्त, ताप किंवा सुस्ती दिसली की दवाखाना. भूकंपानंतर सास्तूरमध्ये स्पर्श ग्रामीण रुग्णालय उभे राहिले आहे. पुष्कळ गावांना एवढी जवळची सोय नाही. येथे तर गोळी अर्धी करत बसण्याचे कारणच नव्हते.

या संदर्भात एक गाऱ्हाणे. औषधांच्या दुकानात 'कोणतेही जुलाब' म्हणून एका गोळीत दोन औषधे मिसळून मिळतात, एक जिवाणूंसाठी आणि एक अमिबासाठी. रोग्याला एकाच वेळी जिवाणूजन्य आणि अमिबाजन्य आमांश होणे दुर्मिळ. मग दुसरे औषध कोणासाठी? निदान न करण्याची ती किंमत आहे, आणि ती रोगी मोजतो. २०१६ पासून केंद्राच्या आरोग्य खात्याने पाकिटावरील लाल रेघेबद्दल प्रचार सुरू केला. ही उभी रेघ म्हणजे चिठ्ठीशिवाय घेऊ नये अशा औषधाची खूण. मुलांना घरची रिकामी पाकिटे आणायला सांगून ही रेघ शोधण्याचा उपक्रम अर्ध्या तासात होतो.

निदानही दिसते तितके सोपे नाही. १९०३ मध्ये शाउडिनने ज्या अमिबाला एंटअमिबा हिस्टोलिटिका असे नाव दिले, तो प्रत्यक्षात दोन जाती आहेत, हे १९९३ मध्ये, म्हणजे भूकंपाच्याच वर्षी, रीतसर मान्य झाले. दुसरी जात, डिस्पार, निरुपद्रवी. दोघांची कोष्ठे सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब सारखी दिसतात. म्हणजे शौचाच्या तपासणीत 'अमिबाची कोष्ठे आढळली' एवढ्यावरून कसलाही त्रास नसलेल्या माणसाला महिनोन्‌महिने गोळ्या खाऊ घालणे बरोबर नाही. किती जणांना आजवर निष्कारण खाऊ घातल्या असतील!

बेहिशेबी वापराची आणखी एक किंमत आहे. जठरात राहणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू व्रणांना कारण होतो. औषधाचे कुलूप उघडणारे एक विकर त्याच्याकडे असते. त्या विकराचे जनुक बिघडले की जिवाणू जगतो, कारण किल्लीच मोडली. भारतातील या जिवाणूंत मेट्रोनिडाझोलला न जुमानणारे वाण मोठ्या प्रमाणात आढळतात. जुलाबांसाठी वर्षानुवर्षे घेतलेल्या गोळ्या हे त्याचे एक कारण असावे, असे अनेक संशोधकांचे मत आहे.

आणि आजींना पुन्हा आव का पडली? दोन शक्यता आहेत. एक तर गोळ्या मध्येच थांबल्या. दुसरी अधिक बारीक. मेट्रोनिडाझोल रक्तात जाते म्हणून भिंतीतला अमिबा मरतो, पण त्याच कारणाने मोठ्या आतड्याच्या पोकळीत ते फारसे उरत नाही, आणि तेथली कोष्ठे शिल्लक राहतात. म्हणून अमिबाच्या आमांशात या गोळ्यांनंतर डायलॉक्सानाइड फ्युरोएटसारखे, आतड्यातच राहणारे दुसरे औषध देतात. दारातला शत्रू आणि घरातला शत्रू यांना वेगवेगळी माणसे लागतात. हे दुसरे औषध पुष्कळदा लिहिलेच जात नाही, किंवा लिहिले तरी बरे वाटल्यावर कोणी विकत घेत नाही.

मराठवाड्याला या औषधाची एक विस्मृत ओळखही आहे. नारू झालेल्या माणसाच्या पायातून धागा ओढून काढताना दाह कमी व्हावा म्हणून हेच औषध देत. त्याने नारू मरत नसे. नारू गेला तो पायविहिरी बंद किंवा बंदिस्त करून, पाणी फडक्याने गाळून आणि पाण्यातले सूक्ष्म कवचधारी मारून. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि २००० मध्ये देश नारूमुक्त जाहीर झाला. एका औषधाशिवाय! अमिबाची कोष्ठेही पाण्यातूनच येतात, आणि पाण्यात टाकायच्या क्लोरीनच्या नेहमीच्या मात्रेला ती दाद देत नाहीत. पाणी उकळले की मात्र मरतात.

महिन्याभराने सास्तूरच्या त्या शिक्षकांचे पत्र आले. आजींची पुन्हा तपासणी झाली, या खेपेस दोन्ही औषधे पूर्ण झाली, आणि लघवीचा रंग पाहून त्या नातीला म्हणाल्या, "हं, गोळी काम करायलीय." फडताळातले जुने पाकीट रुग्णालयात परत दिले गेले. निळ्या बाटलीचा प्रयोगही वर्गाने केला. तेवीस वेळा रंग गेला-आला. मग द्रावण पिवळे पडत तपकिरी झाले आणि निळे होईना. असे का, म्हणून मुलांनी विचारले आहे. अल्कधर्मी द्रावणात ग्लुकोजचे स्वतःचेच विघटन होत जाते आणि त्यातून हा रंग येतो. ताजे ग्लुकोज व थोडे मिथिलीन ब्लू घालून बाटली पुन्हा निळी होते का, ते त्यांनी करून पाहावे आणि कळवावे, असे मी उत्तर पाठवले आहे.